फिल्टर आट्यावर चढला म्हणजे बसला, असे नव्हे

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागात एका लग्नाला निघालेली नवरदेवाची गाडी वाटेतच बंद पडली. गाडी जुनी ॲम्बेसेडर, पांढरी शुभ्र, फुलांनी सजविलेली. लग्नकार्यासाठी भाड्याने देण्याकरिता मालकाने ती जिवापाड जपलेली. पहाटेची थंडी होती, निघायला उशीर झाला होता आणि घरातली वडील मंडळी घाई करीत होती. ड्रायव्हरने सेल मारला, इंजिन लागताच दोन-तीनदा जोराने रेस दिली आणि गाडी काढली. गल्लीपासून डांबरी रस्त्यापर्यंत काळ्या तेलाची धार लागलेली मागच्या जीपमधल्या लोकांनी पाहिली. त्यांनी हॉर्न वाजविले, पण पुढच्यांना वाटले की हे आनंदाचे हॉर्न आहेत. ऑइलचा लाल दिवा लागला होता. ड्रायव्हरचे म्हणणे असे की, तो दिवा अधूनमधून लागतच असतो. चार-पाच किलोमीटरवर इंजिन खडखडू लागले आणि थोड्याच वेळात जागच्या जागी जाम झाले. नवरदेव जीपमध्ये दाटीवाटीने बसून निकाहाला पोहोचले. गाडी दोर बांधून परत आणावी लागली.

बॉनेट उघडले तेव्हा ऑइल फिल्टरचा डबा आपल्या जागी नव्हता. तो निसटून खाली क्रॉसमेंबरवर पडला होता. डबा फुटलेला नव्हता, रबराची रिंगही शाबूत होती. इंजिनातले चारेक लिटर तेल मात्र रस्त्यावर गेले होते. क्रँकची बेरिंगे जळाली होती आणि क्रँकवर चरे पडले होते.

मग सुरू झाला जबाबदारीचा वाद. त्या वादात आम्हालाही बोलावणे आले. आम्ही काही मोटार मेकॅनिक नव्हे, पण गॅरेजवाल्या मंडळींत आमची ऊठबस जुनी आहे. दोन दिवस जे ऐकले आणि हातात घेऊन पाहिले, ते आमच्या वाचकांपैकी गॅरेजवाले, लेथवाले आणि स्पेअर पार्टचे दुकानदार बांधव यांच्या कामाचे आहे, म्हणून येथे मांडीत आहोत.

या गाडीला मुळात डबा फिल्टर नव्हताच. ॲम्बेसेडरमध्ये १९५९ सालापासून जे १४८९ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिन येऊ लागले, ते इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या ‘बी’ घराण्यातले. या इंजिनाला लोखंडी वाटीचा फिल्टर असतो. वाटीत कागदाचे किंवा नमद्याचे एलिमेंट, खाली स्प्रिंग, त्यावर बशीसारखी चकती, वॉशर, आणि मधून एक लांब बोल्ट. तो बोल्ट वर फिल्टरच्या हेडमध्ये आवळला की वाटीची कड हेडच्या खाचेतल्या रबर रिंगवर दाबून बसते. ऑइल बदलताना हात कोपरापर्यंत काळे होतात. जुनी रिंग खाचेतून सुईने किंवा टोच्याने उकरून काढावी लागते. ती तशीच ठेवून वर दुसरी चढविली तर गळती ठरलेली. स्प्रिंग आणि वॉशरचा क्रम चुकला तर एलिमेंट नीट दाबले जात नाही आणि तेल न गाळताच बेरिंगांकडे जाते, बाहेरून मात्र काही कळत नाही.

आजकाल आपण ज्याला फिल्टर म्हणतो तो, म्हणजे पत्र्याचा बंद डबा, हाताने फिरवून बसवायचा आणि जुना झाला की फेकून द्यायचा, ही १९५४ सालची अमेरिकेतील विक्स कंपनीची कल्पना. मोटारीच्या ऑइल फिल्टरची सुरुवात त्याच्याही आधीची, १९२३ ची. डबा फिल्टरमुळे काम पाच मिनिटांवर आले आणि हातही फारसे भरत नाहीत. गमतीची गोष्ट अशी की, पुष्कळ नव्या इंजिनांत पुन्हा नुसते कागदी एलिमेंट आले आहे. मारुतीच्या स्विफ्टमध्ये २०२० पर्यंत मिळणाऱ्या १.३ लिटर डिझेल इंजिनाचा फिल्टर तसाच आहे. म्हणजे वाटीचा फिल्टर मागासलेला आणि डबा सुधारलेला, असे समजण्याचे कारण नाही.

उत्तरपाड्याच्या कारखान्यात ॲम्बेसेडर बनणे मे २०१४ मध्ये थांबले. रस्त्यावर जुन्या गाड्या अजून आहेत. लग्नासाठी, सिनेमाच्या शूटिंगसाठी आणि हौसेसाठी लोक त्या बाळगतात, आणि त्यांची दुरुस्ती करणारे हात कमी होत चालले आहेत. ज्याच्या हातात हे काम आहे त्याला गिऱ्हाईक शोधत येते. म्हणूनच एलिमेंट वेळेवर मिळत नाही, रिंग गळते, मालक कटकट करतो, अशा वेळी मेस्त्री लोक एक उपाय करतात. जुनी वाटी काढून तिच्या जागी लेथवर बनविलेला ॲडॉप्टर बसवायचा आणि त्यावर बाजारात सहज मिळणारा डबा फिल्टर चढवायचा. इंग्लंडमध्ये याच घराण्यातील इंजिनांच्या जुन्या एमजी मोटारींसाठी असे ॲडॉप्टर तयार विकत मिळतात. तेव्हा हा काही देशी जुगाड नव्हे. नीट केला तर चांगला चालणारा बदल आहे.

आमच्या लग्नाच्या गाडीवर हा बदल एका जुन्या, नावाजलेल्या मेस्त्रीने सव्वा वर्षापूर्वी केला होता. ॲल्युमिनियमची जाड चकती, तिची वरची कड हेडच्या खाचेत नेमकी बसेल अशी कातलेली, खालचा चेहरा फिल्टरच्या रबरासाठी गुळगुळीत, आणि मधोमध आरपार छिद्र असलेला पोलादी बोल्ट. बोल्टच्या खालच्या टोकाला फिल्टरसाठी पाऊण इंच व्यासाचे, इंचाला १६ आटे. आम्ही तो ॲडॉप्टर पाहिला. काम सुंदर होते. सव्वा वर्षात एक थेंब गळला नव्हता.

लग्नाच्या आठवडाभर आधी मालकाने हायवेवरच्या एका दुसऱ्या गॅरेजमध्ये ऑइल बदलून घेतले. तिथल्या पोराने जुना फिल्टर काढला. त्यावरचा छाप तेलाने पुसून गेला होता. ॲम्बेसेडरचा फिल्टर म्हणून दुकानात विचारले तर दुकानदाराने कागदी एलिमेंट दाखविले, ते या गाडीला लागणारच नव्हते. मग त्या पोराने दुकानातले दोन-चार डबे घेऊन पाहिले. एकाची रबर रिंग बरोबर मापाची होती आणि तो बोल्टवर फिरतही होता. त्याने तोच आवळला, गाडी चालू करून पाहिली, गळती नाही. झाले काम.

त्या डब्याचे आटे एम २० बाय दीडचे होते.

मेस्त्रीने आमच्यासमोर पिच गेज लावून दाखविले तेव्हा आमच्याही डोक्यात प्रकाश पडला. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. एम २० म्हणजे २० मिलिमीटर. इंचाला १६ आटे म्हणजे दोन आट्यांतले अंतर सुमारे १.५९ मिलिमीटर, दुसऱ्यात ते १.५. इतका सारखेपणा की अंगठा आणि बोटांना फरक कळत नाही. थोडा ढिला वाटतो, पण रबर हेडला टेकले की घट्ट झाल्याचा भास होतो, कारण घट्टपणा रबराचा असतो, आट्याचा नव्हे.

आता आत काय पकड असते ते पाहा. योग्य आट्याचा फिल्टर असला तर बोल्टचा आटा फिल्टरच्या आट्यात प्रत्येक बाजूने साधारण ०.८६ मिलिमीटर शिरतो. एम २० च्या डब्यात आतल्या बाजूचा व्यास सुमारे १८.३८ मिलिमीटर असतो, त्यात १९.०५ चा बोल्ट गेला तर प्रत्येक बाजूला जेमतेम ०.३४ मिलिमीटर पकड राहते. म्हणजे निम्म्यापेक्षाही कमी. शिवाय पिच वेगळा असल्याने सहा आट्यांत अर्ध्या मिलिमीटरची तफावत पडते, त्यामुळे सगळे आटे भार घेत नाहीत. एक-दोनच घेतात.

आणि भार किती? याच घराण्याचे १४८९ सीसीचे इंजिन असलेल्या एमजीए मोटारीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात चालू इंजिनातील तेलाचा दाब ५० पौंड दिला आहे, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेतीन किलो. फिल्टरच्या रबर रिंगचा व्यास साडेसहा सेंटिमीटर धरला तर आतले क्षेत्रफळ ३३ चौरस सेंटिमीटर भरते. गुणाकार करा: फिल्टरला खाली ढकलणारा जोर ११५ किलोच्या पुढे जातो. क्विंटलभर धान्याचे पोते त्या आट्याला टांगल्यासारखे झाले. थंडीत तेल घट्ट असते, दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून ते पटकन निघत नाही, आणि तशातच रेस दिली की दाब याच्याही बराच वर चढतो. आठवडाभर टिकलेला डबा नेमका लग्नाच्या पहाटे का सुटला, याचे उत्तर यात आहे.

वादाची बैठक मालकाच्या ओट्यावर झाली. हायवेवाल्या गॅरेजचे मालक म्हणाले, “चाचा, गाडी ॲम्बेसेडर आणि फिल्टर भलत्याच गाडीचा. कंपनीची फिटिंग असती तर आमच्या पोराची चूक झाली नसती.” जुने मेस्त्री चिडले. “माझं काम सव्वा वर्ष चाललं की नाही? तुमच्या पोरानं आटा का नाही तपासला?” गाडीमालक बिचारा दोघांच्या तोंडाकडे पाहत होता. त्याच्या लग्नसराईच्या सगळ्या तारखा गेल्या होत्या.

खरे सांगायचे तर आम्हाला दोघांचेही पटले आणि दोघांचेही पटले नाही. पोराने आटे न तपासता डबा चढविला, ही चूक उघड आहे. एका हाताने फिल्टर धरून हलविला असता, आवळण्याआधीच तो बोल्टवर डगमगला असता. परंतु मेस्त्रीने आपल्या कामाचा कागदाचा एक चिटोराही मागे ठेवला नव्हता, हेही तितकेच खरे. कंपनीने बसविलेल्या फिल्टरला पुस्तक असते, पार्ट नंबर असतो, दुकानदाराच्या यादीत नाव असते. आपण जेव्हा बिनकंपनीचा बदल करतो, तेव्हा त्या एवढ्या भागापुरती कंपनी आपणच होतो. मग पुस्तक, नंबर आणि यादी हे सगळे आपणच द्यायला हवे. ते कुठे लिहिले होते? तर फक्त मेस्त्रीच्या डोक्यात. आणि गाडी नेहमी आपल्याच दारात येईल, याची हमी कोणी द्यावी?

शेवटी वडीलधाऱ्यांनी तोड काढली. बेरिंगे, रिंगा आणि क्रँक ग्राइंडिंगचा खर्च हायवेवाल्या गॅरेजने उचलायचा. इंजिन उतरविणे, बांधणे ही सगळी मजुरी जुन्या मेस्त्रीने फुकट करायची. आणि बुडालेल्या भाड्याचे नुकसान मालकाने सोसायचे. तिघेही नाराज होऊन उठले. अशा बैठकीत कोणी खूश होऊन उठत नसतो.

प्रकरण घरात मिटले हे बरे झाले. मजुरी घेऊन केलेली दुरुस्ती ही कायद्याच्या दृष्टीने ‘सेवा’ आहे आणि तीत कसूर झाली तर गिऱ्हाईक जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ शकते. जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फीसुद्धा लागत नाही. अशा वेळी ज्या गॅरेजने बिलावर काय बसविले ते लिहिले आहे आणि गिऱ्हाइकाची सही घेतली आहे, त्याची बाजू उभी राहते. ज्याचे सगळे तोंडी, त्याला बोलायला जागा राहत नाही. आपल्या लोकांत काम उत्तम आणि बिल कच्च्या चिठ्ठीवर, ही सवय फार आहे. तिचे नुकसान असे एखाद्या दिवशी एकदम वसूल होते.

आता ज्यांना हे काम करायचे आहे त्यांच्यासाठी, त्या मेस्त्रीकडून आणि त्याच्या टर्नरकडून आम्ही जे समजून घेतले ते सांगतो.

पहिली गोष्ट, एलिमेंट आणि रिंग मिळत असेल आणि तुम्हाला वाटीचा क्रम माहीत असेल, तर बदल करूच नका. मेस्त्रीचे स्वतःचे मत हेच आहे. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि जुन्या गाड्यांच्या भागांसाठी कलकत्त्याचा मलिक बाजार येथे आधी चौकशी करावी. गळती बहुतेक वेळा जुनी रिंग न काढल्याने असते, फिल्टरच्या जातीमुळे नव्हे.

बदल करायचाच ठरला तर आधी इंजिन कोणते ते पाहा. १९९२ पासून ॲम्बेसेडरमध्ये इसुझूचे १.८ लिटरचे इंजिनही आले. त्याची मांडणी निराळी आहे आणि येथे सांगितलेले त्याला लागू नाही. जुन्या विलीज जीपचे तर आणखीच वेगळे. तिच्या फिल्टरमधून सगळे तेल जात नाही. मुख्य वाटेवरून एक बारीक नळी फुटते, थोडेसे तेल फिल्टरमधून गाळून परत चेंबरमध्ये पडते, आणि त्या वाटेवर मुद्दाम बारीक छिद्र ठेवलेले असते. तिथे कोणी हौसेने मोठ्या तोंडाचा डबा फिल्टर लावला आणि ते बारीक छिद्र निघून गेले, तर तेल बेरिंगांकडे जाण्याऐवजी सोप्या वाटेने चेंबरमध्ये पडत राहील आणि दाब बसेल. असा फिल्टर लावून “आता इंजिन जास्त स्वच्छ राहील” म्हणणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

दुसरा मुद्दा बायपास व्हॉल्व्हचा. फिल्टर चोंदला किंवा तेल थंडीने घट्ट झाले तर बेरिंगे कोरडी पडू नयेत म्हणून एक व्हॉल्व्ह असतो. तो उघडला की तेल न गाळता का होईना, पण पुढे जाते. एमजीएच्या पुस्तकाप्रमाणे हा व्हॉल्व्ह फिल्टरच्या हेडमध्येच आहे आणि दोन बाजूंच्या दाबात १५ ते २० पौंडांचा फरक पडला की उघडतो. पुष्कळ इंजिनांत मात्र तो हेडमध्ये नसून डब्याच्या आत असतो. म्हणून बाहेरून एकसारखे दिसणारे दोन डबे आतून वेगळे असू शकतात. एकात व्हॉल्व्ह आहे, दुसऱ्यात नाही. दोन्हीकडे असला तर फारसे बिघडत नाही, जो आधी उघडेल तो काम करील. पण दोन्हीकडे नसला तर चोंदलेल्या फिल्टरमागे इंजिन तहानलेले राहते किंवा आतला कागद चुरगळून त्याचे तुकडे तेलाबरोबर जातात. तेव्हा हेड खोलले असताना बॅटरी मारून व्हॉल्व्ह आहे का आणि तो काडीने दाबला असता हलतो का, हे पाहूनच पुढे जावे. गाळाने चिकटलेला व्हॉल्व्ह हा नसल्यातच जमा.

डब्याच्या तोंडाशी आत रबराची एक पातळ चकतीही असते. तेल बाहेरच्या लहान छिद्रांतून आत येते, कागदातून गाळून मधल्या मोठ्या छिद्राने इंजिनात जाते. इंजिन बंद झाले की ही चकती छिद्रे झाकून तेल मागे ओसरू देत नाही. फिल्टर तोंड वर करून उभा असेल तर हिची गरज कमी, आडवा किंवा उलटा असेल तर फार. सकाळी सेल मारल्यावर दोन-चार सेकंद टॅपेट वाजत असतील तर ही चकती नाही किंवा कडक झाली, असा संशय घ्यावा. पण हीच चकती एक धोकाही आहे. नळ्या लावून फिल्टर दूर बसविताना येणारी आणि जाणारी नळी अदलाबदल झाली, तर तेल मधल्या छिद्रातून आत शिरते आणि चकती त्याची वाट आतून बंद करते. दाबाचा काटा जागचा हलत नाही. अशा वेळी पंप खोलण्याआधी नळ्या बघाव्यात.

लेथवाल्या बंधूंना दोन शब्द. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या लेथचा लीडस्क्रू इंची असतो. त्यावर इंचाला १६ आटे सरळ निघतात. मिलिमीटरचा आटा अचूक काढायचा तर १२७ दात्यांचे गिअर लावावे लागते, आणि ते ज्याच्याकडे नाही तो “जवळपास” आटा काढून देतो. असा जवळपासचा आटा मेहरबानी करून कोणाला देऊ नका. जो फिल्टर कायम मिळणार आहे त्याचे आटे आधी ठरवा, मग बोल्ट कापा. बाजारात एम १८ बाय दीड आणि एम २२ बाय दीडचेही डबे आहेत, तेव्हा नुसते “डबा फिल्टरचा बोल्ट” अशी ऑर्डर घेऊ नये. मेस्त्रीला फिल्टरचा नमुना घेऊनच यायला सांगावे. बोल्टचे छिद्र मूळ वाटेपेक्षा लहान करू नका, आणि भिंत पातळ राहत असेल तर भंगारातली कोणतीही सळई न घेता चांगले पोलाद घ्या. हेडच्या खाचेत बसणारी कड पाव मिलिमीटरने जरी चुकली तरी रिंग एकीकडे दबते, दुसरीकडे मोकळी राहते. या कामात घाईच्या चार ॲडॉप्टरपेक्षा एक नीट केलेला जास्त पैसे देतो. गिऱ्हाईक दहा जणांना सांगते.

बसविताना जुन्या फिल्टरची रबर रिंग जागेवर चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. एकावर एक दोन रिंगा झाल्या की पहिल्याच दाबाला रबर बाहेर येते. नव्या रिंगला स्वच्छ तेल लावावे. पान्याने नव्हे, हाताने फिरवावा, आणि रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा द्यावा. टेकण्याआधी किती पूर्ण फेरे बसले ते मोजावे. फिल्टर ढिला डगमगत असेल, किंवा मध्येच अडत असेल, तर तो परत दुकानात जावा. डब्याची लांबी अशी असावी की तो सायलेन्सरच्या पाइपाजवळ किंवा चेंबरच्या खाली जाणार नाही. आपल्याकडचे गतिरोधक कोणत्या मापाचे असतात हे सांगायला नको. नंतर कॉइलची मुख्य वायर काढून, दाब येईपर्यंत नुसता सेल मारावा. मग चालू करून, गरम करून, रेस देऊन पाहावे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, पुन्हा एकदा पाहावे. ही शेवटची पाहणी त्या हायवेच्या गॅरेजमध्ये झाली असती, तर कदाचित डबा त्यांच्याच दारात सुटला असता आणि लग्न निर्वेध पार पडले असते.

डबा फुगलेला किंवा फुटलेला आढळला तर लगेच फिल्टर कंपनीला दोष देऊ नये. बहुतेक वेळा पंपाचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह अडकलेला असतो. नकली मालाचा प्रश्न मात्र खरा आहे. खोका हुबेहूब, आतला कागद कमी घड्यांचा, व्हॉल्व्हची स्प्रिंग नावालाच. दुकानदार बांधवांनी पक्के बिल नसलेला फिल्टर स्वस्तात घेऊ नये. गाडी नव्या वॉरंटीतली असेल तर तिच्यावर असे काही प्रयोग न करणेच शहाणपणाचे. वॉरंटीचा वाद कंपनीशी गिऱ्हाइकाला नव्हे, शेवटी तुम्हालाच निस्तरावा लागतो.

लग्नाची ती गाडी आता पुन्हा रस्त्यावर आहे. इंजिन बांधून झाल्यावर मालकाने मेस्त्रीला विचारले, “उस्ताद, वाटीच परत लावायची का?” मेस्त्रीने बराच विचार केला आणि ॲडॉप्टरच ठेवला, कारण जुन्या वाटीची कड ठोकाठोकीने वाकली होती. मात्र या वेळी टर्नरकडून ॲडॉप्टरच्या कडेवर छिन्नीच्या ठशाने आट्याचे माप उठवून घेतले. बॉनेटच्या आतल्या बाजूला पितळेची लहान पट्टी रिव्हेट केली. तीवर फिल्टर कंपनीचे नाव, फिल्टरचा नंबर, आटे, आणि खाली गॅरेजचा फोन. एक जादा फिल्टर खोक्यासकट डिकीत ठेवला आहे. बिलाची दुसरी प्रत मेस्त्रीने आपल्या वहीत चिकटविली. त्याच्या आयुष्यातली ती पहिलीच वही आहे, असे त्याचा मुलगा हसून सांगत होता.

आणि ऑइलच्या लाल दिव्याची वायर तपासली, तेव्हा ती खरोखरच एका ठिकाणी सोलून बॉडीला लागत होती. दिवा अधूनमधून उगाच लागायचा, हे ड्रायव्हरचे म्हणणे खोटे नव्हते. ती वायरही बदलली आहे.